वॉलपेपरमागचं गाव : डर्वेंटच्या खोऱ्यातले सहा दिवस

गुरुवार, ११ जुलै २०२४

शेफील्डहून सुटलेली गाडी टॉटलीच्या बोगद्यात शिरली आणि माझ्या ओठांवर आपोआप पाढे आले. साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा आहे हा, १८९३ सालचा. अण्णा रोज संध्याकाळी शेफील्डच्या इस्पितळातून याच बोगद्यातून घरी यायचे. एखाद्या शनिवारी आम्हाला शहरात नेलं की परतताना अंधार झाल्याबरोबर म्हणायचे, "हं, अकरापासून." विसाचा पाढा सुरू व्हायच्या सुमारास पलीकडे ग्रिंडलफर्डचा उजेड दिसायचा.

दादा लेस्टरहून मोटार घेऊन थेट बाम्फर्डला पोचला होता. मी मात्र हट्टाने शेफील्डहून गाडीने आले. बाम्फर्डच्या फलाटाच्या ज्या टोकाला आम्ही दोघं अण्णांची वाट बघत उभे राहायचो, नेमक्या त्याच टोकाला तो उभा होता. त्याची साठी उलटली आहे, केस पिकलेत. पण हात तसेच मागे बांधलेले.

थोडं मागचं सांगायला हवं. अण्णा १९७२ साली इंग्लंडला आले तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि दादा नऊचा. १९७८ ला आम्ही परत गेलो. मधली सहा वर्षं डर्बीशरमधल्या या होप खोऱ्यात गेली. डोंगर, मेंढ्या, दगडी भिंती, पाऊस. आई सुरुवातीला म्हणायची, हे तर महाबळेश्वरच, फक्त स्ट्रॉबेरी आणि माणसं कमी. पुढे दादा शिकायला पुन्हा इकडे आला आणि लेस्टरलाच राहिला. मी ठाण्यात. अण्णा गेले त्याला पाच वर्षं झाली. या सहलीचं कारण त्यांच्या कपाटात सापडलं. वॉलपेपरचा एक गुंडाळलेला तुकडा, दीड हात लांब, बाहेरून फिकट पिवळ्या फुलांचा, आणि आतल्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने काढलेलं एक गाव. आमचं गाव. जावळी तालुक्यातलं, कोयनेच्या काठचं, जे आता शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे.

तो नकाशा इथे, बाम्फर्डजवळच्या एका स्वयंपाकघरात, १९७६ च्या उन्हाळ्यात काढला गेला. म्हणून तो घेऊन आम्ही इथे आलो.

संध्याकाळी गावातून चक्कर मारली. शाळा तिथेच आहे. अँग्लर्स रेस्ट नावाचा पब २०१३ साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून विकत घेतला. पोस्टसुद्धा आता त्यातच चालतं. आमच्या वेळी पोस्टात रांगेत उभं राहूनच आईला पहिली मैत्रीण मिळाली होती. त्या बाई आईला म्हणाल्या होत्या, "ए अप, मी डक." आईने घरी येऊन अण्णांना विचारलं, मला बदक का म्हणाल्या? इथे 'डक' म्हणजे आपल्याकडचं 'बाय' किंवा 'गं पोरी'. आज पबमधल्या मुलीने मला चहा देताना तेच म्हटलं, आणि आपण आपल्या माणसांत आलो असं वाटलं.

शुक्रवार, १२ जुलै

नदी जिथे लहान असते तिथून सुरुवात करायची, असं ठरवून आधी खोऱ्याच्या वरच्या टोकाला गेलो. शनिवार-रविवारी तो रस्ता मोटारींना बंद असतो म्हणून आजच.

डर्वेंट नदीवर एकामागून एक तीन धरणं आहेत. डर्बी, नॉटिंगहॅम, शेफील्ड आणि लेस्टर या चार शहरांना पाणी द्यायचं म्हणून १८९९ साली कायदा करून डर्वेंट व्हॅली वॉटर बोर्ड स्थापन झालं. १९०१ ते १९१६ या काळात हाउडन आणि डर्वेंट ही वरची दोन दगडी धरणं झाली. त्यांना दहा लाख टनांहून जास्त दगड लागला. तो ग्रिंडलफर्डजवळच्या खाणीतून यायचा, आणि बाम्फर्डपासून धरणापर्यंत त्यासाठी खास रेल्वे टाकली होती.

रस्त्याच्या कडेला, झाडीत, उतारावर सपाट पायऱ्यांसारखी जागा दिसते. तिथे बर्चिनली नावाचं गाव होतं. पत्र्याचं म्हणून लोक त्याला 'टिन टाऊन' म्हणत. धरणाच्या कामगारांसाठी बांधलेलं, नऊशेच्या आसपास वस्तीचं. नुसते बराकींचे ओळीने उभे केलेले ठोकळे नव्हते ते. शाळा होती, दवाखाना होता, दुकानं होती, न्हाणीघर होतं, पोलीस होता. काम संपल्यावर सगळं उचकटून नेलं. त्यातली एक पत्र्याची इमारत खालच्या होप गावात अजून उभी आहे. आम्ही लहानपणी तिच्यावरून रोज जायचो आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

दादा त्या चौथऱ्यांवरून चालत म्हणाला, "कोयनानगरची कामगार वस्ती अशीच असेल ना गं सुरुवातीला?" असेल. ज्यांनी ती धरणं उभारली त्यांची गावंही कामाबरोबर संपतात. याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आमच्या घरी धरण म्हटलं की विषय एकच, आपलं काय बुडालं.

डर्वेंट धरणाच्या पश्चिम टोकाला एका कुत्र्याचं स्मारक आहे. टिप तिचं नाव. १९५३ च्या डिसेंबरात एक म्हातारा मेंढपाळ तिला घेऊन वरच्या माळरानावर गेला आणि परत आला नाही. २७ मार्च १९५४ ला, पंधरा आठवड्यांनी, त्याचा मृतदेह सापडला. टिप बर्फापावसात तितके दिवस शेजारी बसून होती, आणि जिवंत होती. मी सात वर्षांची असताना इंग्रजी वाचायला शिकले ती या दगडावरची अक्षरं बोटाने गिरवत. आजही गिरवली.

रस्ता संपतो तिथून अर्धा तास चालत स्लिपरी स्टोन्सला पोचलो. इथे नदी घोटाभर पाण्याची, काळ्या तपकिरी दगडांवरून वाहणारी. चहाच्या रंगाचं पाणी, कारण ते वरच्या पीटच्या दलदलीतून झिरपत येतं. आणि तिच्यावर दोन कमानींचा, जेमतेम एका लादलेल्या तट्टाच्या रुंदीचा जुना दगडी पूल. हा पूल मूळचा इथला नाही. तो खाली डर्वेंट गावात होता, सतराव्या शतकापासून. तिसऱ्या धरणात गाव बुडणार हे ठरल्यावर तो चिरा चिरा करून सोडवला. प्रत्येक दगडावर आकडा घातला, दगड ठेवून दिले, आणि १९५९ साली इथे वर आणून पुन्हा जुळवला.

पुलाच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. दगड मऊ वाटतो, पाठीवरच्या ओझ्यांनी आणि हातांनी घासलेला. आमच्या गावच्या देवळाचे खांब कुठे गेले, कुणी मोजले का, आकडे घातले का, हे विचारायला आता अण्णा नाहीत.

शनिवार, १३ जुलै

आजचा दिवस लेडीबोअरचा.

तिसरं धरण. १९३५ ला काम सुरू, युद्ध चालू असतानाच ते पुरं झालं, आणि २५ सप्टेंबर १९४५ ला राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन. वरची दोन धरणं दगडी, हे मातीचं, पोटात चिकणमातीची भिंत. बांधाजवळ पाण्यात दोन अजस्र गोल विहिरी आहेत, चोवीस-चोवीस मीटर व्यासाच्या. जलाशय काठोकाठ भरला की जादा पाणी त्यांच्या कडांवरून आत कोसळतं आणि बोगद्यातून खाली नदीला मिळतं. लहानपणी मला त्यांची इतकी भीती वाटायची की मी दादाचा कोट घट्ट धरून, डोळे मिटून तिथून जायचे. आज त्यांच्या कडा कोरड्या होत्या.

या पाण्याखाली दोन गावं आहेत. ॲशप्टन आणि डर्वेंट. ॲशप्टनच्या डोक्यावरून आता मोठा रस्ता पुलावरून जातो. डर्वेंट थोडं वर, एका ओढ्याच्या तोंडाशी. तिथे चर्च होतं, शाळा होती, १६७२ साली बांधलेला डर्वेंट हॉल होता, शेतकऱ्यांची घरं होती. १७ मार्च १९४३ ला चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. त्याआधी चर्चच्या अंगणातल्या थडग्यांतले देह काढून बाम्फर्डच्या दफनभूमीत नेले. घरं पाडली. चर्चचा मनोरा तेवढा आठवण म्हणून ठेवला. पाणी चढलं तरी तो वर दिसत राहिला. पुढे लोक पोहत त्याच्याकडे जायला लागले, धोका नको म्हणून १५ डिसेंबर १९४७ ला तोही सुरुंग लावून उडवला.

हे सगळं मी कुठल्या पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. पोस्टात आईला 'डक' म्हणणाऱ्या त्या बाई मूळच्या डर्वेंटच्या. गाव उठणार म्हणून वॉटर बोर्डाने धरणाच्या पायथ्याशी, यॉर्कशायर ब्रिजला, दगडी घरांची नवी वसाहत बांधली, तिथे त्या राहत. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. मराठीतूनच. त्यांनी 'आजी' हा शब्द आपलं नाव म्हणून घेतला होता. शाळा सुटली की आम्ही त्यांच्याकडे जायचो आणि अण्णांची गाडी येईपर्यंत थांबायचो. थंडीने कुडकुडलं की त्या म्हणायच्या, "यू आर नेश." नेश म्हणजे थंडी न सोसणारं. फुगून बसलं की "मार्डी." हे शब्द मला शेफील्ड सोडून पुढे कुणाच्या तोंडी फारसे ऐकू आले नाहीत. परवा पबमध्ये कुणीतरी आपल्या नातवाला मार्डी म्हणालं आणि माझी मान वळली.

आजी सांगायच्या, १९४३ च्या वसंतात वरच्या डर्वेंट धरणावरून मोठाली विमानं इतकी खालून जायची की कपाटातल्या बशा वाजायच्या. कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं. जर्मनीतली धरणं फोडण्याचा सराव होता तो. लँकेस्टर विमानं, ६१७ वी तुकडी. आजींना त्यातली वीरकथा फारशी रुचत नसे. त्या म्हणायच्या, जिथे धरण फुटलं तिथेही खाली गाव असणारच.

मग १९७६ आलं. इंग्लंडमध्ये असा उन्हाळा कुणी पाहिला नव्हता. गवत पिवळं पडलं, नळांना पाणी नाही, रस्त्यावर सार्वजनिक नळ आले, ऑगस्टमध्ये सरकारने दुष्काळासाठी मंत्री नेमला. लेडीबोअरचं पाणी खाली खाली जात राहिलं आणि एका रविवारी आजींनी अण्णांना निरोप पाठवला, मला घेऊन चला, गाव वर आलंय.

मी नऊ वर्षांचीही नव्हते, पण ती दुपार मला अजून तशीच्या तशी दिसते. भेगाळलेला राखाडी चिखल, तळहाताएवढी फुटलेली ढेकळं. त्यात भिंतींचे गुडघाभर उंचीचे पट्टे. दगडांचे ढीग. दरवाजाचे खांब नुसतेच उभे. बरीच माणसं आली होती, जत्रेसारखी. आजी आपल्या काठीने कशाला तरी मोजत चालल्या होत्या, पुटपुटत. एका जागी थांबल्या. खाली एक लांबट सपाट दगड होता, मधोमध खोलगट झालेला. उंबरा. आजींनी त्याच्यापुढे उभं राहून बुटाचे तळवे चिखलावर घासले, आधी उजवा, मग डावा, दोन-दोनदा. आणि मग पाय उचलून आत गेल्या. आत म्हणजे काय, आभाळाखालीच. पण त्या पाय पुसून गेल्या.

अण्णा मागे उभे होते. ते बाहेरच थांबले. आजींनी आतून "या" म्हटलं तेव्हा त्यांनी बूट काढले आणि मग उंबरा ओलांडला.

परतताना मोटारीत कुणी बोललं नाही. घरी गेल्यावर अण्णांनी आजींना सांगितलं, माझंही गाव असंच आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की देवळाचा चौथरा आणि शेतांचे बांध वर येतात. लोक होडीने जाऊन नारळ फोडून येतात. आजी त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. इतकी वर्षं शेजार होता आणि दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. मग त्या उठल्या आणि माळ्यावरून वॉलपेपरची एक गुंडाळी आणली. तिच्या मागच्या बाजूला त्यांनी अख्खं डर्वेंट काढून ठेवलं होतं. घर न् घर, कोण राहायचं, कुठे विहीर, कुठे गोठा, प्रत्येक शेताचं नाव. इथेही शेतांना नावं असतात, क्रॉफ्ट, क्लोज, होम अशा शेपट्यांची. "माझ्यानंतर कोण सांगणार?" असं म्हणून त्यांनी गुंडाळीचा उरलेला कोरा तुकडा कापला, अण्णांच्या पुढ्यात टाकला आणि पेन्सिल दिली.

अण्णा त्या रात्री साडेअकरापर्यंत आजींच्या टेबलाशी बसून होते. आई दोनदा बोलवायला आली. आजी विचारायच्या, मग या घराच्या मागे काय, मग तिथून पाण्याला कुठून जायचं. नुसतं काढ म्हणून सोडलं नाही त्यांनी. चालवलं अण्णांना गावातून.

आज त्या जागेवर नुसतं पाणी. आम्ही काठावर नकाशा उलगडला. वारा होता, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. समोर बदकं. दादा म्हणाला, "मी लेस्टरला नळ सोडतो तेव्हा यातलंच पाणी येत असणार." त्याच्या घरचं पाणी डर्वेंटवरून येतं, माझ्या घरची वीज इतकी वर्षं कोयनेवरून येत होती. आजींचं कुटुंब कूळ होतं, जमीन सरदाराची. त्या म्हणायच्या, मोबदला मालकाला, आम्हाला भाड्याचं घर. ते घर पक्कं होतं आणि गाव उठायच्या आधी तयार होतं, एवढं मात्र त्या आवर्जून सांगायच्या. आमच्या माणसांना कुणी ठाण्यात, कुणी रायगडात, कुणी सोलापूरकडे धाडलं. कुणी तसेच डोंगरावर चढून राहिले. साठ वर्षं झाली तरी कोयनेच्या धरणग्रस्तांचे मोर्चे निघतात. मला याचा राग येतो, आणि वय वाढलं तसा तो कमी झालेला नाही.

रविवार, १४ जुलै

दिवसभर रिपरिप. सकाळी बाम्फर्डच्या चर्चच्या अंगणात गेलो. डर्वेंटहून आणलेले मृत इथेच आहेत. आजीही इथेच असतील असं वाटून शोधलं, सापडल्या नाहीत. दादाने ओल्या गवतात दोन तास घालवले. मग मीच म्हटलं, चल.

सोमवार, १५ जुलै

दरीतल्या एका गावात विहिरीच्या सजावटीचं काम चालू होतं. डर्बीशरमध्ये उन्हाळाभर गावोगाव हे होतं. पाण्याचे झरे आणि विहिरी फुलांनी सजवतात. टिसिंग्टनचं सगळ्यात नावाजलेलं. आम्ही शेडच्या दारात उभं राहून बघत होतो, तर एका बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "हात रिकामे आहेत ना? बसा."

पद्धत अशी. मोठ्या लाकडी चौकटी आधी काही दिवस पाण्यात भिजवतात, म्हणजे लाकूड मातीतलं पाणी ओढून घेत नाही. त्यांवर मीठ घालून तुडवलेल्या चिकणमातीचा थर. वर चित्राचा कागद ठेवून टाचणीने रेषा टोचायच्या. कागद काढला की मातीवर ठिपके राहतात, थेट आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. ठिपक्यांवरून आल्डरच्या झाडाची छोटी काळी बोंडं रोवून बाह्यरेषा करायची. मग आत रंग भरायचा, पण रंग म्हणजे पाकळ्या, शेवाळ, पानं, बिया. रंगवलेलं काही चालत नाही. पाकळी लावायची खालून वर. खालची ओळ आधी, मग वरची तिच्यावर थोडी चढवून, कौलांसारखी. पाऊस आला तर पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही. उलटं लावलं तर एका रात्रीत सगळं कुजतं.

मला हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्यांचा तुकडा मिळाला, वीतभर आभाळ. पाकळी दोन बोटांत धरायची, टोक मातीत किंचित दाबायचं, अंगठ्याने सपाट करायचं. जास्त दाबलं तर फाटते, कमी दाबलं तर उडते. आठ वर्षांची असताना आजींनी माझा अंगठा धरून हे शिकवलं होतं, आणि अंगठ्याला ते आठवत होतं. अडीच तासांत माझं वीतभर आभाळ झालं. आठवडाभर टिकणार, मग चौकट धुऊन ठेवतील. शेजारच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही हे आधी केलंय.

दुपारी ईमला गेलो. स्पेलिंगवरून लोक 'आयम' म्हणतात, इथली माणसं 'ईम'. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून इथे प्लेग शिरला, शिंप्याकडचा माणूस पहिला गेला. पुढच्या उन्हाळ्यात धर्मगुरू मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा धर्मगुरू स्टॅन्ली यांनी मिळून लोकांना समजावलं की गावाबाहेर कुणी जायचं नाही, रोग पुढे न्यायचा नाही. शेजारच्या गावांनी हद्दीवरच्या दगडापाशी अन्न ठेवायचं. त्या दगडाला भोकं आहेत, त्यांत व्हिनेगर घालून पैसे टाकायचे. चौदा महिन्यांत दोनशे साठ माणसं मेली. गावाबाहेरच्या एका शेतात गोल भिंतीच्या आत सात थडगी आहेत. एका आईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली.

आमची पणजी सांगायची, प्लेग आला की उंदीर पडायला लागायचे आणि अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायला जायचं. आपल्याकडे गाव सोडून माणसं वाचवली, इथे माणसं थांबवून शेजारची गावं वाचवली. त्या भिंतीपाशी मला बोलवेना. ही भिंतसुद्धा इथल्या सगळ्या भिंतींसारखी, चुना-सिमेंट काही नाही. कोकणात गडगा घालतात तशीच. दोन्ही बाजूंनी दगड, मधे बारीक खडीचं पोट, मधूनमधून आरपार जाणारा लांब दगड.

मंगळवार, १६ जुलै

परतीच्या वाटेवर दोन थांबे.

पहिला एन्झर. चॅट्सवर्थच्या आवारातलं गाव. १८३० च्या दशकाच्या शेवटी डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकने जुनं गाव हलवून, प्रासादातून दिसणार नाही असं टेकडीच्या आड नवं बांधून घेतलं. प्रत्येक घर निराळ्या धाटणीचं, कुठे स्विस, कुठे इटालियन. जुन्या गावातलं एक घर रस्त्यापलीकडे एकटंच राहिलंय. फार देखणं गाव आहे आणि मला तिथे दहा मिनिटांवर थांबावंसं वाटलं नाही. तहानलेल्या शहरासाठी गाव उठतं ते निदान समजून घेता येतं.

दुसरा थांबा क्रॉमफर्ड. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. गंमत म्हणजे पहिली गिरणी डर्वेंट नदीवर चाललीच नाही. एक ओढा आणि शिशाच्या खाणीतलं पाणी काढून देणारा एक भुयारी पाट, यांच्यावर ती चालायची. खाणीतलं पाणी कोमट, त्यामुळे हिवाळ्यात गोठायचं नाही, चाक थांबायचं नाही. कामगार बहुतेक बायका आणि मुलं, आणि काम रात्रंदिवस पाळ्यांमध्ये. जवळच नॉर्थ स्ट्रीटवर त्याने बांधलेली घरं अजून आहेत, तीन मजली. वरच्या मजल्याला लांबच लांब खिडक्या, कारण तिथे पुरुष मागावर बसायचे.

अण्णांचे काका गाव बुडायच्या आधीपासून मुंबईच्या गिरणीत. आमच्या जावळीतल्या घराघरातला एक तरी माणूस गिरणीत नाहीतर माथाडीत. लालबागच्या त्यांच्या खोलीत, पाळीवरून आलेली माणसं उठली की त्यांच्या वळकटीवर बसून, अण्णांनी डॉक्टरकीचा अभ्यास केला. भोंगा वाजला की पुस्तक मिटायचं, जागा मोकळी करायची. क्रॉमफर्डच्या पटांगणात दादा म्हणाला, "म्हणजे इथून सुरू झालं." मी त्या पाटाच्या पाण्यात हात घातला.

लेस्टरला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. वहिनीने चहा टाकला. जेवणाच्या टेबलावर आम्ही पुन्हा नकाशा पसरला. इतके दिवस तो बघताना एक गोष्ट खटकत होती. देऊळ, पाणवठा, सुताराचं घर, खालची खाचरं सगळं नावानिशी आहे, पण गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, अण्णांनी चौकोन काढून आत नुसतं प्रश्नचिन्ह घातलंय. असे सात चौकोन. ते दहाव्या वर्षी शिकायला साताऱ्याला गेले. वरच्या शेतांत ते राबलेच नव्हते.

राबली होती आत्या. ती आता ब्याऐंशीची आहे, ठाणे जिल्ह्यातल्या पुनर्वसनाच्या गावात राहते, शाळेत कधी गेली नाही. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असणार. तरी फोन लावला.

"आत्या, झोपली होतीस का?"

"न्हाई गं, पडली हुती नुसती. काय झालं, बरं हाय न्हवं समदं?"

"बरं आहे सगळं. दादाकडे आहे. आत्या, आपल्या गावात देवळाच्या मागून वर गेलं की पहिलं शेत कुठलं?"

पलीकडे काही क्षण आवाज नाही. फोन तुटला असं वाटून दादा पुढे झाला.

"पैलं चिंचंचं खाचर," आत्या म्हणाली. आवाज एकदम मोठा झाला होता. "चिंच न्हवती तितं, माज्या आजीच्या टायमाला हुती म्हनत. त्याच्या डाव्या अंगाला पांदीची पट्टी. तितं वरी पेरायची. लिवतीस न्हवं?"

"लिहितोय आत्या. दादा लिहितोय."

"लिव. पट्टीला लागून धोंड हाय मोठी, तिच्यावर बसून आमी भाकर खायचो. तिच्या मागलं सतीचं. मग आला घळीचा बांध, तितं जपून, घसरतंय पावसाचं."

दादा पेन्सिलीने बारीक अक्षरात भरत होता. तीन चौकोन झाले, चौथा चालू होता.

"झालं?" आत्याने विचारलं. "मग आता वाड्याच्या मागनं वर चल."